गावाच्या पाण्याचा ताळेबंद गावानेच कसा मांडायचा

दसरा उलटला की अवर्षणग्रस्त पट्ट्यातल्या कुठल्याही पारावर एकच विषय निघतो: यंदा पाणी कुठवर पुरेल? एक जण म्हणतो, विहीर तुडुंब आहे, चिंता नाही. दुसरा म्हणतो, ओढा आत्ताच बारीक झालाय, शिमग्याआधी टँकर येणार. तिसरा गप्प असतो, कारण त्याने कांद्याचं रोप आधीच टाकलेलं असतं. तिघांपैकी कुणाकडेही आकडा नसतो.

पाणी आलं किती, गेलं कुठे आणि उरलं किती, याचा हिशेब म्हणजे जलविज्ञान. त्यात उपग्रह आणि संगणकीय प्रारूपंही येतात, पण एका गावापुरता पहिला हिशेब मोजपट्टी, बादली, घड्याळ आणि वही एवढ्यावर होतो. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार वर्षानुवर्षं पडलेल्या पावसाचा हिशेब मांडून ग्रामसभेत पिकं ठरवतं. १९७२च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी उभ्या केलेल्या पाणी पंचायतीने तर पाणी जमिनीच्या मालकीवर न वाटता माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, असं वाटलं आणि उसाला नाही म्हटलं. हे निर्णय धाडसाचे खरे, पण त्यांच्या मुळाशी आधी मोजणी होती.

खालची कृती दख्खनच्या काळ्या खडकाच्या प्रदेशासाठी आहे. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग याच बेसाल्टचा आहे. कोकणातल्या जांभ्यासाठी किंवा तापी-पूर्णेच्या गाळाच्या प्रदेशासाठी यातली गुणकं जशीच्या तशी वापरू नका.

आधी एकक पक्कं करा

सगळी भांडणं इथून सुरू होतात, म्हणून पहिली दहा मिनिटं यावर घाला. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. एक हेक्टरवर १ मिलिमीटर म्हणजे १० घनमीटर, म्हणजे १०,००० लिटर. गावाचा हिशेब टीसीएममध्ये करायचा: १ टीसीएम म्हणजे हजार घनमीटर, म्हणजे १० लाख लिटर. वर्तमानपत्रात धरणाच्या बातमीत येतो तो टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. दोन अक्षरांची अदलाबदल झाली की हिशेब अठ्ठावीस हजार पटींनी चुकतो, आणि ही चूक छापील अहवालांतही मी पाहिली आहे.

हद्द ठरवा

पाणी तलाठ्याचा नकाशा बघून वाहत नाही. गावाची महसुली हद्द एक आणि पाणलोटाची दुसरी. सर्वे ऑफ इंडियाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा घ्या, त्यावर २० मीटरच्या अंतराने समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, असतात. ओढ्याच्या तोंडापासून सुरुवात करून डोंगराच्या माथ्यामाथ्याने पेन्सिल फिरवा. ती रेषा जिथे पुन्हा ओढ्याला मिळेल, तिच्या आतलं ते तुमचं पाणलोट. मग प्रत्यक्ष चालून या. रस्त्याच्या भरावाने किंवा कॅनॉलने पाणी दुसरीकडे वळवलेलं असतं, ते नकाशात दिसत नाही.

गाव दोन पाणलोटांत विभागलेलं असेल तर दोन हिशेब मांडा. शेजारचं गाव तुमच्याच पाणलोटात असेल तर त्यांनाही बोलवा. हे सांगायला सोपं आहे, जमवायला सगळ्यात अवघड.

उदाहरणासाठी आपण एक मानीव गाव घेऊ: पाणलोट १,००० हेक्टर, त्यातलं ३०० हेक्टर डोंगर आणि कातळ, ७०० हेक्टर विहिरींखालचं शिवार. लोकसंख्या २,०००.

मे महिन्यात विहिरी मोजा

बहुतेक गावं ऑक्टोबरात जागी होतात आणि तिथेच फसतात. विहिरीत ऑक्टोबरात किती पाणी आहे, यापेक्षा मेपासून ते किती चढलं हे महत्त्वाचं. म्हणून ताळेबंदाचं वर्ष मेअखेरीस सुरू होतं, वळवाच्या सरी ओसरल्यावर आणि मृग बरसण्याआधी.

पाणलोटात दहा-बारा विहिरी निवडा: माथ्याकडच्या दोन-तीन, मधल्या चार-पाच, पायथ्याकडच्या दोन-तीन. शक्यतो पंप नसलेल्या किंवा कमी उपशाच्या. पंचायतीची पडीक विहीर निरीक्षणासाठी सोन्यासारखी. धरणाच्या किंवा कॅनॉलच्या कडेची विहीर टाळा, ती पाऊस दाखवत नाही, कॅनॉलचं आवर्तन दाखवते.

प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर ऑइलपेंटने एक बाण काढा. दरवेळी माप तिथूनच. कठड्याची जमिनीपासूनची उंची एकदा मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहा, ती प्रत्येक मापातून वजा होईल. पातळी घ्यायची पहाटे, पंप किमान रात्रभर बंद असताना. मोजपट्टीच्या टोकाला बोल्ट बांधून सोडा. ‘टप्’ असा आवाज आला की पाणी लागलं. आवाज नीट येत नसेल तर पट्टीच्या शेवटच्या मीटरभर लांबीला खडू फासा, ओला भाग स्पष्ट दिसतो. तीन वेळा घ्या, मधलं माप लिहा.

जुनी माणसं विहिरीची खोली परसात सांगतात. परस म्हणजे पुरुषभर उंची, आणि ती सांगणाऱ्याच्या उंचीवर ठरते. ऐकून घ्या, पण पट्टी सोडाच.

बोअरची पातळी विहिरीच्या रकान्यात लिहू नका. खोल बोअर खालच्या वेगळ्या थराचं पाणी दाखवत असेल, तर सरासरी काढून तुम्ही दोन वेगळी भांडी एकाच मापाने मोजताय.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरातल्या तिच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा घेते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. तुम्हीही हेच महिने धरा. तुमच्या पाणलोटात त्यांची विहीर असेल तर तिचे जुने आकडे मागून घ्या. पंधरा-वीस वर्षांची मापं आयती हाताशी येतात.

विहिरीच्या भिंती वाचा

मे महिन्यात विहीर रिकामी असते, तेव्हा पाण्यासोबत खडकही वाचून घ्या. वर काळी माती, खाली मुरूम, मग विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो भोकाभोकांचा, पांढऱ्या-हिरव्या खड्यांचा खडक, त्याखाली भेगा असलेला किंवा एकसंध काळा पाषाण. कुठे कुठे विटकरी गेरूचा पट्टा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे एकावर एक थर पसरले, त्यांची ही उतरंड आहे.

पाणी धरतो तो मुरूम, मांजऱ्या आणि भेगाळ भाग. एकसंध पाषाणात पाण्याला जागाच नाही. म्हणून पाच-सहाशे फूट बोअर घेऊन धुराळा उडतो आणि शेजारची चाळीस फुटांची विहीर चालू असते. पाणाड्याच्या हातातला नारळ उभा राहिला की नाही, यावर मी वाद घालत नाही, पण शेजारच्या तीन विहिरींत झरे कोणत्या खोलीवर, कोणत्या थरातून लागलेत हे लिहून ठेवलंत तर पुढच्या विहिरीसाठी त्याचा उपयोग नक्की जास्त होईल.

आता एक आकडा मनात कोरून ठेवा: २ टक्के. झिजलेल्या किंवा भोकाळ बेसाल्टच्या १०० घनमीटर ओल्या खडकातून पाणी निथळून मिळतं ते साधारण १ ते ३, सरासरी २ घनमीटर. याला स्पेसिफिक यील्ड म्हणतात. नदीच्या वाळूत हेच प्रमाण कितीतरी जास्त असतं. म्हणून आपल्याकडे विहिरी झरझर भरतात आणि तितक्याच झरझर रिकाम्याही होतात. तुडुंब विहीर पाहून हुरळणाऱ्याला हा २ टक्क्यांचा आकडा दाखवा.

पाऊस मोजा, रोज सकाळी साडेआठला

महावेध प्रकल्पातली स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळाच्या पातळीवर आहेत. मंडळात दहा-वीस गावं येतात आणि सह्याद्रीच्या पूर्वेला पाऊस कोसाकोसाला बदलतो. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि घाट उतरून वाईला आलात की हजाराच्याही आत. म्हणून गावाचं स्वतःचं पर्जन्यमापक हवं, जमल्यास दोन: एक डोंगराकडे, एक पायथ्याला.

विकतचं नसेल तर १६ सेंटिमीटर व्यासाचं, उभ्या कडेचं नरसाळं घ्या. त्याचं तोंड जवळपास २०० चौरस सेंटिमीटर भरतं, म्हणजे २० मिलिलिटर पाणी बरोबर १ मिलिमीटर पाऊस. औषधाच्या मापाने मोजता येतं. नरसाळ्याखाली पाच लिटरचा कॅन, तो जमिनीत अर्धा पुरलेला, तोंड जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर आणि सपाट. जवळचं झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर. शाळेच्या गच्चीवर ठेवायचा मोह होतो, पण वाऱ्याने माप कमी येतं.

हवामान खातं सकाळी साडेआठला वाचन घेतं आणि मागच्या चोवीस तासांचा पाऊस त्या तारखेला लिहितं. तुम्हीही तसंच करा, नाहीतर मंडळाच्या आकड्यांशी तुलना करताना एक दिवसाचा घोळ होतो. पाऊस पडला नाही त्या दिवशी ‘०’ लिहा. जागा कोरी सोडली तर ऑक्टोबरात कळत नाही की पाऊस नव्हता, की लिहिणारा नव्हता. हे काम सातवी-आठवीच्या मुलींकडे द्या. मोठ्यांपेक्षा त्या कमी खाडे करतात, हा माझा अनुभव.

नक्षत्रही शेजारी लिहा. आकड्यांशी जुन्या माणसांचं नातं मृग, पुष्य, हस्त या नावांतूनच जुळतं.

ओढा

ओढ्यातून वाहून जाणारं पाणी मोजणं पहिल्या वर्षी नाही जमलं तरी चालेल. जमलं तर सरळ, एकसारखा १० मीटरचा पट्टा निवडा, एखादं लाकूड सोडून ते पार करायला लागणारे सेकंद मोजा, रुंदी आणि तीन-चार ठिकाणची खोली घ्या. वेग गुणिले छेदाचं क्षेत्रफळ गुणिले ०.८५, कारण पृष्ठभागावरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा वेगाने धावतं. पूर असताना ओढ्यात उतरू नका, काठावरूनच.

पाटबंधाऱ्याचे इंजिनिअर यासाठी अजूनही स्ट्रेंज साहेबाचं कोष्टक काढतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्याने आजच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या पाणलोटांवरून ते तयार केलं, आणि पाणलोट चांगलं, मध्यम की वाईट यावर किती टक्के पाणी वाहून येईल ते दिलं. गंमत अशी की त्याच्या लेखी ‘चांगलं’ पाणलोट म्हणजे जिथून पाणी जास्त वाहून धरणात येतं ते. आपल्या हिशेबात तेच वाईट.

ऑक्टोबर: एकच आकडा दोन वाटांनी

ऑक्टोबरच्या मध्याला, परतीचा पाऊस थांबल्यावर, त्याच विहिरी, त्याच बाणापासून मोजा. आता मानीव गावाचा हिशेब.

हंगामात पाऊस ५०० मिलिमीटर झाला. १,००० हेक्टरवर म्हणजे ५,००० टीसीएम, ५०० कोटी लिटर. हा आकडा ग्रामसभेत सांगितला की लोक खूश होतात, म्हणून एकटा कधीच सांगू नका. यातला मोठा वाटा वाफ होऊन आणि पिकं-झाडांतून हवेत जातो, काही मातीत ओल म्हणून राहतो, काही ओढ्याने जातो.

पहिली वाट पावसाची. भूजल अंदाजासाठी देशभर वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत झिजलेल्या बेसाल्टला सुमारे ७ टक्के आणि भोकाळ, भेगाळ बेसाल्टला १३ टक्क्यांपर्यंत पाऊस मुरतो असं धरतात. आपण १० घेऊ. डोंगर वगळून ७०० हेक्टर × ५०० मिलिमीटर म्हणजे ३,५०० टीसीएम. त्याचे १० टक्के: ३५० टीसीएम.

दुसरी वाट विहिरींची. मे ते ऑक्टोबर पातळी सरासरी ३ मीटर चढली. ७०० हेक्टर म्हणजे ७० लाख चौरस मीटर × ३ × ०.०२ = ४,२०,००० घनमीटर, म्हणजे ४२० टीसीएम.

दोन्हींत ७०चा फरक. घाबरू नका, पाचात एकाचा फरक या विद्येत जवळपास जुळल्यासारखाच मानतात. फरक दुपटीचा आला तर मात्र काहीतरी चुकलंय: विहिरी सगळ्या ओढ्याकाठच्या निवडल्या, किंवा हद्द चुकली. पिकं ठरवताना कमी आकडा धरा. आपण ३५० धरू.

इथे सगळ्यात मोठा खड्डा येतो, दुबार मोजणीचा. पाझर तलावातलं पाणी मुरून खालच्या विहिरींतच येतं. ते विहिरींच्या चढात मोजलं गेलंय, पुन्हा वेगळं जमेला धरू नका. दुसरं, प्लास्टिक अंथरलेलं शेततळं. विहिरीतून उपसून ते भरलं असेल तर ते नवं पाणी नाही, जमिनीखालची साठवण उन्हात आणून ठेवली एवढंच. उन्हाळ्यात आपल्याकडे उघड्या पाण्यावरून दिवसाला ८ ते १० मिलिमीटर सहज उडतं. महिनाभरात तळ्याची पाऊण फूट ते एक फूट पातळी फुकट. शेततळं ओढ्याच्या किंवा शेताच्या वाहत्या पाण्याने भरलं तरच जमेला. अनुदान, फोटो आणि उद्घाटन यांच्या गर्दीत हा फरक कुणी विचारत नाही, तुम्ही विचारा.

खर्चाची बाजू

३५०मधले १० टक्के, ३५ टीसीएम, निसर्गासाठी सोडा. ते झऱ्यांनी ओढ्यात जातंच, तुमच्या परवानगीची वाट बघत नाही. उरले ३१५.

मग पिण्याचं. ऑक्टोबर मध्य ते जून मध्य, २४० दिवस. माणशी रोज ५५ लिटरने २,००० माणसांना २६.४ टीसीएम. गाई, म्हशी, बैल ८०० धरले आणि दिवसाला ५० लिटर, तर ९.६. शेळ्या-मेंढ्या ६००, प्रत्येकी ६ लिटर, ०.९. एकूण ३७. उरले २७८.

पाऊस महिनाभर लांबला तर? म्हणून ३८ टीसीएम राखीव, हात न लावण्यासाठी. शेतीला उरले २४०.

आता खरी चर्चा. जमिनीत एक पाळी, म्हणजे एकदाचं पाणी, सरीने द्यायची तर साधारण ७५ मिलिमीटर, म्हणजे हेक्टरी ७५० घनमीटर लागतात. भारी जमिनीतल्या शाळू किंवा हरभऱ्याला दोन पाळ्या: १,५००. गव्हाला सहा: ४,५००. रब्बी कांदा, साधारण ६,०००. ऊस, पावसाने दिलेलं वजा करूनही १६,०००च्या घरात.

२४० टीसीएम उसाला दिलं तर १५ हेक्टर. शाळू-हरभऱ्याला दिलं तर १६० हेक्टर. ही दोन वाक्यं फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि पाच मिनिटं काही बोलू नका.

लोक सगळंच शाळू-हरभरा पेरणार नाहीत, पेरायलाही नको, कांद्याशिवाय हातात रोकड येत नाही. मग जमवाजमव: ८० हेक्टर शाळू-हरभरा १२० टीसीएम, १२ हेक्टर कांदा ७२, १० हेक्टर गहू ४५. बेरीज २३७. ठिबकवर कांदा घेतला तर पाणी वाचतं, पण वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन हेक्टर वाढवले तर ताळेबंद जिथल्या तिथे.

पंपाकडून उलट तपासणी

कागदावर २४० लिहिलं, पण उपसा किती होतो? २०० लिटरचा ड्रम पंपाखाली लावा. ४० सेकंदांत भरला तर सेकंदाला ५ लिटर, तासाला १८ घनमीटर. दिवसाला सहा तास चालला तर १०८. असे ४० पंप साठ दिवस चालले की २५९ टीसीएम, म्हणजे शेतीचा सगळा वाटा संपून राखीवाला हात लागला. आठ-दहा पंपांची अशी चाचणी घ्या, बाकीच्यांचे तास विचारा. लोक तास कमी सांगतात, वीजबिल त्यापेक्षा खरं बोलतं.

जानेवारीत थांबून बघा

संक्रांतीच्या सुमारास पुन्हा तीच मोजणी. पातळी ३ मीटर चढली होती. ती जानेवारीच्या मध्यालाच दीड मीटरहून जास्त उतरली असेल, तर हंगामाच्या पुढच्या पाळ्यांवर बोलायला ग्रामसभा लगेच बोलवा, मार्चपर्यंत थांबू नका. हा माझा ढोबळ अडाखा आहे. तुमच्या खडकाचा अडाखा तुमच्या वहीतूनच निघेल.

चावडीच्या भिंतीवर फळा रंगवा: पाऊस, मेची पातळी, ऑक्टोबरची पातळी, शेतीला उरलेलं पाणी, ठरलेली पिकं. शेवटचा रकाना कोरा ठेवा. पुढच्या मेमध्ये विहिरी मोजल्यावर त्यात प्रत्यक्ष उरलेली पातळी भरायची. पहिल्या वर्षी अंदाज आणि प्रत्यक्षात मोठी तफावत पडेल, तेव्हा १० टक्क्यांचा आणि २ टक्क्यांचा आकडा आपल्या गावासाठी थोडा वर-खाली सरकवा, नवी तारीख टाका आणि कठड्यावरचा बाण पुसट झाला असेल तर पुन्हा रंगवा.